विश्लेषण : गोल्फमध्ये ४ आणि ५ नंबरच्या आयर्नचा पल्ला सारखाच का येतो?

गोल्फच्या नियमांनुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब जवळ बाळगता येतात. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ मध्ये लागू झाली. त्यामुळे बॅगेतील प्रत्येक क्लबने वेगळे काम करणे अपेक्षित असते. मात्र अनेक हौशी खेळाडूंचे ३, ४ आणि ५ नंबरचे आयर्न चेंडू जवळपास एकाच ठिकाणी टाकतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याविषयी…

लांब आयर्न म्हणजे काय?

आयर्न क्लबना आकडे असतात. आकडा जितका लहान, तितकी क्लबची दांडी लांब आणि तोंड अधिक उभे. तोंडाच्या या तिरपेपणाला ‘लॉफ्ट’ म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. साधारणपणे २, ३ आणि ४ नंबरचे आयर्न ‘लांब’ समजले जातात. हौशी खेळाडूंच्या बाबतीत ५ नंबरही त्यांतच धरावा लागतो. लॉफ्ट कमी असल्याने चेंडू खालून जातो आणि दूर पोहोचतो, हा या क्लबमागचा मूळ हिशेब.

दोन क्लबच्या पल्ल्यात फरक कशामुळे पडतो?

दोन गोष्टींमुळे. एक, लागोपाठच्या दोन आयर्नच्या दांडीत साधारण अर्ध्या इंचाचा फरक असतो. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॉफ्ट. छोट्या आयर्नमध्ये, म्हणजे ८ नंबर, ९ नंबर आणि पिचिंग वेजमध्ये, हा फरक चार ते पाच अंशांचा असतो. लांब आयर्नमध्ये तो अडीच-तीन अंशांवर येतो. म्हणजे लांब आयर्नमधील फरक कारखान्यातूनच कमी होऊन आलेला असतो.

व्यावसायिकांचे आकडे काय सांगतात?

रडारच्या साहाय्याने फटक्याची मोजणी करणाऱ्या ‘ट्रॅकमन’ कंपनीचा सरासरींचा तक्ता गोल्फविश्वात बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. त्यानुसार पीजीए टूरवरील पुरुष खेळाडूंचा ३ नंबरचा ‘कॅरी’, म्हणजे चेंडू हवेत कापतो ते अंतर, २१२ यार्ड होता. ४ नंबरचा २०३ आणि ५ नंबरचा १९४ यार्ड. म्हणजे फरक फक्त नऊ यार्डांचा. याउलट ८ नंबर १६०, ९ नंबर १४८ आणि पिचिंग वेज १३६ यार्ड. इथे फरक १२ यार्डांचा. एलपीजीए टूरवरील महिलांचा ४ नंबर १६९, तर ५ नंबर १६१ यार्ड होता. फरक आठ यार्डांचा. जगातील सर्वोत्तम खेळाडूंच्या हातातही लांब आयर्नमधील फरक आक्रसतो, एवढे यातून दिसते.

हौशी खेळाडूंच्या हातात हा फरक जवळपास का मिटतो?

चेंडू हवेत टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात : वेग, वर जाण्याचा कोन आणि मागच्या दिशेने फिरकी. फिरणाऱ्या चेंडूभोवतीची हवा त्याला वर उचलून धरते. लॉफ्ट कमी झाला की कोनही घटतो आणि फिरकीही. ही घट वेगाने भरून काढावी लागते. व्यावसायिकाकडे तो वेग असतो. संथ स्विंग असलेल्या खेळाडूचा चेंडू मात्र पुरेसा वर चढण्याआधीच खाली येऊ लागतो. त्यात लांब दांडीमुळे चेंडू तोंडाच्या मध्यावर लागण्याचे प्रमाण कमी होते, आणि थोडा खाली किंवा कडेला लागला तरी वेग आणखी घटतो. परिणामी ४ नंबरचा चेंडू ५ नंबरच्या पुढे जात नाही, कधी कधी मागेच पडतो. शिवाय तो सपाट येत असल्याने ग्रीनवर थांबत नाही, घरंगळत मागे निघून जातो.

याचा खेळावर काय परिणाम होतो?

समजा, एखाद्याचा ६ नंबर १४० यार्ड, ५ नंबर १४८, ४ नंबर १५० आणि त्यावरचा फेअरवे वूड १७२ यार्ड जातो. आता पाण्यापलीकडच्या ग्रीनपर्यंत १६० यार्डांचा कॅरी हवा आहे. त्याच्याकडे दोन यार्डांच्या फरकाचे दोन क्लब आहेत, पण १५० ते १७२ च्या दरम्यान एकही नाही. अशा वेळी बहुतेक जण ४ नंबर काढून जोर लावतात आणि चेंडू पाण्यात जातो. एक दंडाचा फटका पदरी पडतो आणि दोष स्विंगला दिला जातो. प्रत्यक्षात योग्य क्लब बॅगेतच नसतो.

क्लबवरच्या आकड्यावर विसंबता येते का?

नाही. काही दशकांपूर्वी ७ नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असे. आज हौशी खेळाडूंसाठीच्या अनेक सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो. त्यामुळे ‘माझा ७ नंबर लांब जातो’ हे समाधान मिळते, पण त्याच सेटमधला ४ नंबर जुन्या ३ नंबरइतका, किंवा त्याहूनही उभा झालेला असतो. म्हणूनच अनेक कंपन्या आता सेट ५ किंवा ६ नंबरपासून विकतात. मित्राचा सेट वेगळ्या कंपनीचा असेल तर त्याच्या आकड्यांशी तुलना करण्यातही अर्थ नाही. लॉफ्टचे अंश पाहावेत.

आपला फरक कसा मोजावा?

लाँच मॉनिटर असलेल्या रेंजवर प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारावेत. पूर्ण फसलेले फटके वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी. सर्वात लांब गेलेला एक फटका लक्षात राहतो, पण तो आपला पल्ला नव्हे. शक्य असल्यास खेळात वापरतो तेच चेंडू घ्यावेत. रेंजवरचे झिजलेले चेंडू कमी जातात. आकडा कॅरीचा धरावा, घरंगळण्यासह मिळणाऱ्या एकूण अंतराचा नव्हे. महाराष्ट्रात पावसाळ्यात भिजलेल्या फेअरवेवर चेंडू पडतो तिथेच रुततो, तेव्हा हा भेद चांगलाच जाणवतो. उंचीचाही थोडा परिणाम होतो : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथल्या विरळ हवेत चेंडू मुंबईपेक्षा किंचित पुढे जातो. साधारण १० ते १५ यार्डांचा फरक उपयुक्त मानला जातो. तो पाच यार्डांच्या आत आला, तर दोनपैकी एक क्लब जास्तीचा समजावा.

हायब्रिडने प्रश्न सुटतो का?

बऱ्याच अंशी. हायब्रिडमध्ये वजन खाली आणि मागे असते. त्यामुळे तेवढ्याच लॉफ्टला चेंडू उंच जातो आणि ग्रीनवर थांबतो. चुकलेला फटकाही कमी नुकसान करतो. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने अखेरच्या होलवर हायब्रिडच्या अचूक फटक्याने टायगर वूड्सवरील विजय पक्का केला. २०२१ मध्ये टोक्यो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली भारताची अदिती अशोक तिथल्या स्पर्धकांच्या तुलनेत ड्राइव्ह कमी लांब मारत होती. अशा खेळाडूला ग्रीन गाठण्यासाठी लांबून भरवशाने उंच जाणारे क्लबच लागतात. मात्र हायब्रिडची दांडी तेवढ्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा लांब असते, त्यामुळे तो थोडा जास्त जातो. मोजल्याशिवाय घेतला तर तो फेअरवे वूडच्या पल्ल्यावर जाऊन बसतो आणि जुनाच प्रश्न वरच्या टोकाला उभा राहतो.

मग लांब आयर्न कोणी ठेवावेत?

ज्यांचा स्विंग वेगवान आहे आणि ज्यांना वाऱ्याखालून चेंडू न्यायचा असतो, त्यांनी. २००६ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल लिव्हरपूलच्या कोरड्या, कडक मैदानावर टायगर वूड्सने चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच वापरला आणि लांब आयर्नच्या जोरावर विजेतेपद मिळवले. तेवढा वेग नसलेल्यांनी नवा सेट घेताना ४ आणि ५ नंबरची कॅरी आधी मॉनिटरवर तपासावी. फरक पडत नसेल तर ४ नंबरचे पैसे वाचवून ती जागा हायब्रिडला किंवा एखाद्या जास्तीच्या वेजला देणे शहाणपणाचे.