जहाजाची सफर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या दक्षिणेस, जेटीसी या सरकारी महामंडळाने २००१ पासून उभारलेल्या सुमारे २०० हेक्टरांच्या वन-नॉर्थ या वसाहतीत, बायोपोलिसच्या प्रयोगशाळांतून आणि फ्यूजनोपोलिसच्या कचेऱ्यांतून नोकरी करणारी मराठी माणसे आज पुष्कळ आहेत. आणि जूनची अथवा वर्षअखेरीची शाळांची सुटी जवळ आली की त्यांच्या घरोघरी क्रूझचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. तो निघतो बहुधा कॅरिबियन बेटांच्या नावाने, कारण या पर्यटनासंबंधी जे लिहिले-बोलले जाते त्याचा फार मोठा भाग फ्लोरिडाच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांविषयी असून तो अमेरिकी प्रवाशांनी अमेरिकी प्रवाशांसाठीच लिहिलेला असतो. तो सल्ला खोटा असतो असे नाही; परंतु तो दुसऱ्याच्या पारपत्रावर आणि दुसऱ्याच्या बंदरावर आधारलेला असतो, आणि हा भेद ध्यानात न घेता भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या कुटुंबाने तो जसाच्या तसा स्वीकारला, तर सारे पैसे भरून झाल्यावर बंदराच्या दारातून माघारी फिरण्याची पाळी येऊ शकते.

या सल्ल्यातील सर्वांत घातक वाक्य असे की, कॅरिबियनच्या सफरीला पारपत्राचीसुद्धा गरज नाही, जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र एवढे पुरते. ही मुभा खरी आहे. मात्र ती केवळ अमेरिकेच्या नागरिकांना, आणि तीही अमेरिकेच्या ज्या बंदरातून जहाज निघाले त्याच बंदरात परतणाऱ्या सफरीपुरती आहे. भारतीय प्रवाशाला मायामीला उतरण्यासाठीच प्रथम अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि जहाज बहामा, जमैका अथवा मेक्सिकोचे कोझुमेल करून परत मायामीला आले म्हणजे तो कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेत पुन्हा प्रवेश करीत असतो, म्हणून तो व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असला पाहिजे. सिंगापुरात नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या भारतीयाला त्यासाठीचा अर्ज नेपियर मार्गावरील अमेरिकी वकिलातीत करता येतो, आणि तो मंजूर होईपर्यंत जहाजाचे परत न मिळणारे पैसे भरू नयेत, हे उघड आहे. बेटाबेटांचे नियम पुन्हा निराळे. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्याला मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही, आणि जमैका व बार्बाडोस भारतीयांना व्हिसावाचूनच येऊ देतात. पण म्हणून सर्व बेटे तसेच करतात असे धरून चालणे चुकीचे. सफरीतील प्रत्येक बंदराचे नाव लिहून त्यापुढे भारतीय पारपत्रासंबंधीचा नियम कंपनीकडून लेखी मागवून घ्यावा. पारपत्राची मुदत प्रवासाच्या समाप्तीनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी.

अंतराचाही विचार फार थोडे लोक करतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळाहून मायामीला थेट विमान नाही. न्यूयॉर्कला थेट गेले तरी अठरा तासांहून अधिक काळ विमानात बसावे लागते, त्यापुढे मायामीचे विमान, आणि घड्याळात बारा किंवा तेरा तासांचा फरक. जहाज सुटण्याच्या दिवशीच पोहोचण्याचा बेत करणे म्हणजे एका उशिरा निघालेल्या विमानावर साऱ्या सफरीची बाजी लावणे होय. तेव्हा दोन दिवस आधी पोहोचावे आणि शरीराला थोडा अवधी द्यावा. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांच्या हाती तीन आठवड्यांची रजा नाही त्यांनी कॅरिबियनचा हट्ट धरू नये, आणि जे बंदर घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे त्याचाच आधी लाभ घ्यावा.

वादळांसंबंधीचा समजही असाच उसना आहे. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा ऋतू मानला जातो, त्यातही सप्टेंबरचा पूर्वार्ध सर्वांत जोखमीचा. या काळात भाडी उतरतात, आणि कंपनीला मार्ग बदलण्याचा अथवा एखादे बंदर गाळण्याचा अधिकार करारान्वये असतो. अरुबा आणि कुरासाव ही दक्षिणेकडील बेटे मात्र वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात. हेच कोष्टक सिंगापूरला लावून जून ते नोव्हेंबर या काळात इथूनही जाऊ नये असे सांगणारे भेटतात. वन-नॉर्थ हे नाव ज्यावरून पडले ते सिंगापूरचे स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या सुमारे एक अंशावर आहे, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला जे वळण मिळून चक्रीवादळ आकार घेते ते वळण विषुववृत्तानजीक जवळजवळ नाहीसे होते. म्हणून इथे अशी वादळे विरळा. ती अशक्य मात्र नव्हेत. डिसेंबर २००१ च्या अखेरीस वामेई नावाचे वादळ विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर उत्पन्न होऊन जोहोरच्या किनाऱ्यावर आदळले होते.

इथे पाहावयाचे असते ते मोसमी वाऱ्यांकडे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्य मोसमी वारे दक्षिण चिनी समुद्र खवळवतात, तेव्हा व्हिएतनामकडे जाणारे जहाज हलते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे अंदमान समुद्राची म्हणजे फुकेतची बाजू अशांत असते. या दोहोंच्या मधली मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही अंगांनी भूमीने झाकलेली असल्याने पोर्ट क्लांग आणि पेनांगपर्यंतचा प्रवास वर्षभर बराच शांत होतो. प्रथमच जाणाऱ्यांनी, विशेषतः सोबत वृद्ध असतील तर, हाच मार्ग निवडावा.

वृद्धांच्या मनात बोट लागण्याचे भय असते, आणि त्याला आधार आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजीकडे जाणाऱ्या आगबोटींच्या उघड्या डेकवर सतरंजी अंथरून ज्यांनी रात्री काढल्या, अथवा १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली ती हकिकत ज्यांनी घरात ऐकली, त्यांना समुद्र हा करमणुकीचा विषय वाटत नाही, आणि त्यांची ती भीती हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्यांना वस्तुस्थिती समजावून द्यावी. आजच्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखी स्थैर्ययंत्रे असतात आणि ती डोलणे पुष्कळ कमी करतात. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घेतल्यास उरलेली हालचालही कमी जाणवते, आणि बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घेतली तर ती अधिक गुणकारी ठरते. सुरक्षेविषयी म्हणावे तर, जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला झालेल्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले, आणि प्रवाशांची संकटकाळची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. ही कवायत म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानून ती टाळणारे लोक आपल्या कुटुंबावर अन्याय करतात.

आता सिंगापूरहून निघणाऱ्यांचा मुख्य गैरसमज. ‘तीन रात्रींनी परत इथेच यावयाचे, मग व्हिसाचा प्रश्न कुठला?’ असे पुण्याहून अथवा नागपूरहून मुलांकडे आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत सर्रास विचारले जाते. जहाजाने सिंगापूरची सरहद्द ओलांडली की देश सोडल्याची नोंद होते. आणि त्या दोघांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तो तिथेच संपतो. निघण्यापूर्वी व्हिसावरील प्रवेशांची संख्या आणि मुदत पाहिली पाहिजे, ती आईची निराळी आणि वडिलांची निराळी. नोकरीचा अथवा आश्रिताचा वैध परवाना असलेल्यांना परतण्यासाठी व्हिसा लागत नाही. कायम रहिवाशांनी मात्र आपला पुनःप्रवेशाचा परवाना चालू असल्याची खात्री करावी. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे, पण ही सवलत ठरावीक मुदतीची असून वेळोवेळी वाढवली गेलेली आहे, म्हणून ती गृहीत धरू नये. परतताना सिंगापूरचे आगमनपत्र, ज्याला एसजी अरायव्हल कार्ड म्हणतात, ते समुद्रमार्गे येणाऱ्या रहिवाशांनाही भरावे लागते; ते आगमनाचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरावयाचे असल्याने तीन-चार रात्रींच्या सफरीत हे काम प्रवासातच उरकावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत.

पुढचा घोटाळा खास वन-नॉर्थकरांचा आहे. मेट्रोच्या सर्कल मार्गिकेवर वन-नॉर्थपासून सहावे स्थानक हार्बरफ्रंट, आणि तिथे ‘सिंगापूर क्रूझ सेंटर’ नावाची इमारत उभी. तेव्हा आपले जहाज तिथूनच सुटणार असे सहज वाटते. बाताम वगैरे बेटांच्या फेरीबोटी तिथून सुटतात खऱ्या, आणि काही लहान जहाजेही. पण अतिविशाल जहाजे २०१२ मध्ये सुरू झालेल्या मरीना बे क्रूझ सेंटरच्या धक्क्याला लागतात. तिथे जाण्यासाठी उलट दिशेला एकच स्थानक जाऊन बुओना व्हिस्टाला ईस्ट-वेस्ट मार्गिका पकडावी, रॅफल्स प्लेसला नॉर्थ-साउथ मार्गिकेवर बदलावे आणि अखेरच्या मरीना साउथ पिअरला उतरावे. सामान फार असेल तर टॅक्सी बरी. कोणते बंदर आणि किती वाजता हजर व्हावयाचे, हे तिकिटावर लिहिलेले असते.

बंदरांच्या नावांनीही फसगत होते. जाहिरातीत ‘क्वालालंपूर’ असते, परंतु जहाज लागते ते पोर्ट क्लांगला, आणि तिथून शहर सुमारे चाळीस किलोमीटरांवर असल्याने जाण्यायेण्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. याउलट पेनांगला स्वेटनहॅम धक्क्यावर उतरले की जॉर्ज टाउनचे जुने नगर समोरच, आणि तिथल्या लिटल इंडियाच्या गल्ल्या पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणून पैसे देऊन सहल घ्यावयाची की आपापले हिंडावयाचे, याचा निर्णय बंदर पाहून करावा. फुकेतला एक गोष्ट विशेष जपली पाहिजे: थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते, जहाज अनेकदा सिंगापूरचीच वेळ पाळते, आणि हातातला मोबाइल मात्र किनाऱ्यावर पाऊल टाकताच आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो. जो प्रवासी मोबाइलच्या भरवशावर साडेचारला परततो, त्याच्यासाठी जहाजावर साडेपाच झालेले असतात. स्वतंत्रपणे हिंडायला गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. कंपनीनेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर तिची जबाबदारी कंपनी घेते. म्हणून मनगटावर साधे घड्याळ बांधावे आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवावे.

खाण्याबाबत शंका फार, अडचण थोडी. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी भोजन सहसा मिळते. जैन पद्धतीचे किंवा उपवासाचे हवे असल्यास ते नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे, ऐनवेळी आचाऱ्यावर रागावून उपयोग नाही. पुडीबंद सुका फराळ नेण्यास बहुधा हरकत घेत नाहीत, पण घरचे शिजवलेले अन्न, विजेची किटली, इस्त्री आणि भाताचा कुकर हे जिन्नस आगीच्या भयास्तव अथवा आरोग्याच्या कारणास्तव काढून घेतले जातात. सहा महिन्यांखालील बालकांना, आणि प्रवासात चोविसावा आठवडा लागणाऱ्या गर्भवतींना, बहुतेक कंपन्या घेतच नाहीत.

‘एकदा भाडे भरले की सारे त्यात आले’ हा समज मात्र कुटुंबाचे अंदाजपत्रक कोलमडवणारा आहे. जाहिरातीतील दर बहुधा दोघांनी एक केबिन घेतल्यास माणशी पडणारा असतो, आणि एकट्याला जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते. बहुतेक कंपन्या सेवकांच्या बक्षिसीदाखल माणशी दररोज साधारण १५ ते २१ अमेरिकी डॉलर बिलात लावतात, आणि मुलेही त्यातून सुटत नाहीत; चार माणसांच्या चार रात्रींना ती रक्कम किती होते, हे घरीच मांडून पाहावे. मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे निराळे. खुल्या समुद्रात मोबाइल जहाजाच्या उपग्रहजालाला आपोआप जोडला जातो आणि त्याचा दर नेहमीच्या रोमिंगच्या योजनेत नसतो, म्हणून बंदर सुटताच तो विमान-स्थितीत टाकावा. जहाजावरच्या दुकानातील माल जकातमुक्त असतो खरा, पण सिंगापुरात उतरताना सिगारेटींना कसलीही सवलत नाही, आणि थेट मलेशियाहून येणाऱ्याला मद्याचीही नाही.

शेवटी विम्याविषयी, आणि हे मी आग्रहाने सांगतो. जहाजावर डॉक्टर असतो म्हणून विमा नको, असे पुष्कळांना वाटते. तो डॉक्टर असतो, पण त्याची फी भारी असते, त्याचा दवाखाना म्हणजे रुग्णालय नव्हे, आणि गंभीर रुग्णाला स्थिर करून पुढील बंदरात उतरवणे हेच त्याचे कर्तव्य असते; त्यानंतर परक्या शहरातील उपचार आणि घरी परत आणण्याचा खर्च कुटुंबावर पडतो. नोकरीतून मिळालेला आरोग्यविमा हा खर्च देतोच असे नाही, आणि साध्या प्रवासविम्यात जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात. आईवडिलांचा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची प्रामाणिक नोंद करून, समुद्रावरून रुग्ण हलवण्याचा खर्च देणारा विमा घेतल्यावाचून त्यांना जहाजावर चढवू नये. आणि तेवढा खर्च झेपत नसेल, तर सफर पुढच्या वर्षी करावी.