आधी मोजणी, मग सनद

अब्राहम लिंकनचे वडील टॉमस यांनी १८१६ साली केंटकीतून ओहायो नदीपलीकडील इंडियानात बिऱ्हाड हलविले, त्याला गुलामगिरीचा प्रश्न अंशतः कारण झाला. मुख्य कारण मात्र, पुढे लिंकनने स्वतःच नमूद केल्याप्रमाणे, जमिनीच्या मालकीचे कज्जे हे होते. केंटकी हा मूळचा व्हर्जिनियाचा मुलूख. त्या सरकारच्या १७७९ च्या कायद्याने परवाना, नोंद, मोजणी आणि सनद अशा चार पायऱ्या घालून दिल्या होत्या खऱ्या. परंतु जमीन कोठली धरावयाची हे ज्याचे त्याच्यावर सोपविल्यामुळे, ओढ्याचा फाटा, खूण केलेले झाड, एखादा खडक अशा चतुःसीमा लिहून आणणाऱ्यांचे दावे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढले, आणि ज्याने वर्षानुवर्षे जंगल तोडून शेत उभे केले त्याच्याच दारात कोणी जुन्या कागदाचा धनी येऊन ठाकू लागला.

२० मे १७८५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने हा क्रमच उलटा केला. आधी सरकारी मोजणी, मग विक्री. सहा मैल लांबीरुंदीचा चौरस, त्याचे ६४० एकरांचे ३६ भाग, आणि त्यांतील सोळावा भाग शाळेसाठी राखीव! त्याच वर्षी ३० सप्टेंबरला टॉमस हचिन्स याने ओहायोच्या काठी मोजणीला आरंभ केला. साखळी ६६ फुटांची, कड्या शंभर. अशा ८० साखळ्यांचा मैल. (या साखळीचा एक चौरस म्हणजे आपले बरोबर चार गुंठे.) ज्या भूमीवर या सरळ रेषा ओढावयाच्या ती ओसाड नव्हती, तेथे शॉनी, डेलावेअर आदी लोकांची वस्ती होती, आणि हल्ल्याच्या धास्तीने हचिन्सला थोड्याच दिवसांत काम थांबवावे लागले. सरकारने विक्रीस काढलेल्या या जमिनीचे पहिले मोल त्या लोकांनी आपल्या भूमीला मुकून भरले, हे विसरून या व्यवस्थेची थोरवी गाणे मला अन्यायाचे वाटते.

१८०० च्या कायद्याने सरहद्दीवरच जमीन कचेऱ्या उघडल्या. तेथे दप्तर एका कारकुनाच्या हाती, रोकड दुसऱ्याच्या. भाव एकरी दोन डॉलर, चौथाई आधी, बाकी चार वर्षांत. टॉमस लिंकनने १८१७ साली व्हिन्सेन्सच्या कचेरीत १६० एकरांसाठी १६ डॉलर विसार भरला, नंतर ६४ डॉलर भरून चौथाई पुरी केली. पुढचे हप्ते त्या गरीब सुताराला झेपेनात. दहा वर्षांनी निम्मी जमीन सरकारला परत देऊन त्याने उरलेल्या ८० एकरांचा हिशेब चुकता केला, आणि त्या ८० एकरांची सनद त्याच्या नावे झाली.