ओलीस ठेवलेल्या बारा ओळी

लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टाने २०२२मध्ये बायकोचा धार्मिक घटस्फोट अडवून धरणाऱ्या एका ज्यू नवऱ्याला अठरा महिन्यांसाठी तुरुंगात धाडलं. बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला असेल की, सरकारी घटस्फोट मिळाल्यावर भांडण उरतंच कशाचं?

उरतं गेटचं, म्हणजे ज्यू धर्मातल्या घटस्फोटपत्राचं. अरामी भाषेत लेखनिकाने हाताने लिहिलेल्या बारा ओळी. दोन साक्षीदारांसमोर नवरा तो कागद बायकोच्या ओंजळीत टाकतो, ती तो काखेत धरून चार पावलं चालते, की झाली मोकळी. तोवर धर्माच्या लेखी ती विवाहितच. दुसरा संसार थाटला, तर त्यातली मुलं 'ममझेर', म्हणजे निषिद्ध संबंधातली, ठरतात आणि पुढच्या पिढ्यांच्याही सोयरिकी अडतात. नवऱ्याला दुसऱ्या अविवाहित बाईपासून मुलं झाली, तर त्यांच्यावर मात्र हा शिक्का नाही. खरी मेख इथेच आहे.

या शिक्क्याची झळ मराठी घरांनाही बसली आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएली ज्यूंच्या लग्नांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने आडकाठी केली. यांच्या पूर्वजांत गेटशिवाय काडीमोड झाले असतील, ही त्यामागची एक शंका. वंशावळी तपासायचे आदेश निघाले. अलिबाग-पेणकडची ही माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसली, तेव्हा कुठे १९६४मध्ये सरकारला हलावं लागलं.

'बायकाही अडवतातच की', असं कोणी म्हणेल. खरं आहे. इसवी सन १०००च्या सुमारास राबेनू गेर्शोम या धर्मपंडिताने बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोटाला बंदी घातली, तेव्हापासून तिच्याही हाती नकार आला. पण अडलेल्या नवऱ्याला शंभर रब्बींच्या सह्या मिळवून सुटता येतं. अडलेल्या बाईसाठी अशी पळवाट नाही.

मग नवऱ्याला भाग पाडावं, तर गेट त्याने राजीखुशीने द्यायला हवं. अन्यायाने वदवलेलं गेट रद्द. यावर बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मशास्त्रकाराचं उत्तर मला फार आवडतं. धर्मपीठाने आदेश देऊनही नवरा अडून बसला, तर 'मला द्यायचंय' असं म्हणेपर्यंत त्याला चोपावं, असं तो लिहितो. ही जबरदस्ती नव्हे. धर्म पाळावा हीच त्याची खरी इच्छा असते, ती त्याच्या दुष्ट वृत्तीने दाबलेली असते. मार त्या वृत्तीला बसतो! युक्तिवाद चलाख आहे, आजच्या कानांना भयंकरही वाटेल. पण नकार देणाऱ्याच्या मनाला फार पवित्र मानू नका, हे त्याने आठशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मसंहितेत तर त्याच्याही आधी सोय आहे: परक्यांच्या कोर्टाने मारून गेट द्यायला लावलं तरी चालेल, फक्त त्यांनी 'तुझं धर्मपीठ सांगतं ते कर' असं म्हणायला हवं. लंडनच्या निकालाने धास्तावलेल्या रब्बींनी हे पान पुन्हा काढायला हरकत नाही.

कोर्टाने दबाव आणला की नवरा धर्मस्वातंत्र्याची ढाल पुढे करतो. कॅनडात तेही करून झालं आहे. तिथल्या एका नवऱ्याने गेट देण्याच्या करारावर सही केली आणि पंधरा वर्षं ते दिलंच नाही. २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४७,५०० डॉलरची भरपाई पुन्हा बहाल केली. देऊ नको असं त्याचा धर्म सांगतच नव्हता. राग होता, बस्स. अशा रागाला श्रद्धा म्हणायचं तर खंडणीला दक्षिणा म्हणावं लागेल.

अर्थात, तुरुंगानेही सगळे वाकत नाहीत. इस्रायलमध्ये एकाने तुरुंगात ३२ वर्षं काढली, १९९४मध्ये तिथेच मेला, पण गेट दिलं नाही. म्हणून मला अमेरिकेतल्या बेथ दिनचा, म्हणजे रब्बींच्या धर्मपीठाचा, विवाहपूर्व करार जास्त भरवशाचा वाटतो. वेगळं राहायला लागल्यापासून धर्माच्या लेखी लग्न टिकून आहे तोवर नवऱ्याने बायकोला रोज दीडशे डॉलर पोटगी द्यायची. दुष्ट वृत्तीला काठीपेक्षा ही रक्कम लवकर समजते. प्रश्न एवढाच की, सही लग्नाच्या धामधुमीत घ्यावी लागते, आणि नवऱ्यामुलासमोर तो कागद ठेवायचं धाडस सगळ्या सासऱ्यांना होत नाही.