अर्धा, पण कशाचा?

वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आसपासच्या वस्त्यांवरून डॉक्टरकडे आलेली माणसं परतीच्या एसटीआधी मेडिकलसमोर गर्दी करतात, आणि काउंटरवर जे बोललं जातं ते बरंचसं अपूर्णांकात असतं. ‘अर्धी सकाळी, अर्धी रात्री.’ ‘बाळाला अर्धाच चमचा.’ ‘पाव गोळी द्यायची, मावशी.’ बाटलीवर मात्र निराळंच छापलेलं असतं: १२० मिलिग्रॅम प्रति ५ मिली, ४० युनिट प्रति मिली. या दोहोंची गाठ घालून देतो तो फार्मासिस्ट, आणि दुकानातलं त्याचं सर्वांत मोलाचं काम मला हेच वाटतं. कारण ‘अर्धा’ ही काही ठरावीक मात्रा नव्हे. कशाचा अर्धा, हे कळेपर्यंत त्याला अर्थच नसतो.

पॅरासिटामॉलचंच बघा. लहान मुलांना ते वजनावर देतात. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले, तर आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागतात. बाटली १२० प्रति ५ मिलीची असेल तर सरळ ५ मिली. २५० प्रति ५ मिलीची असेल तर १२० ला २५०/५ ने भागायचं, म्हणजे १२० गुणिले ५/२५०, उत्तर २.४ मिली. आणि थेंबांची छोटी बाटली असेल, तर तिच्यात एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, तिथे १.२ मिली पुरे. बाळ तेच, औषध तेच, मापं तीन. थेंबांच्या बाटलीतलं औषध कुणी ‘एक चमचा’ म्हणून ५ मिली पाजलं, तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. हव्या त्या मात्रेच्या चौपटीहूनही जास्त.

भाजक उलटा करून गुणायची ही रीत भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त दिली आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथे आहे. इतकी जुनी विद्या आज रोज काउंटरवर वापरली जाते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण खरी कसोटी इन्सुलिनची. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचं मिळतं. साध्या कुपीत बहुधा मिलीला ४० युनिट, पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १००. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. सिरिंजवरच्या रेषा युनिटच्या असतात, मिलीच्या नव्हेत, आणि घोटाळा तिथेच होतो. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत ओढलं की अर्धा मिली येतो. कुपी ४० ची असेल तर ते २० युनिट. पेन बिघडलं म्हणून कुणी त्याच सिरिंजने कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ओढलं, तर त्याच अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. अडीचपट. साखर एकदम खाली येते, माणूस घामाघूम होऊन बेशुद्धही पडू शकतो. उलट, ४० च्या कुपीतलं नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर फक्त ०.२ मिली येतं, म्हणजे ८ युनिट. साखर चढलेलीच राहते.

विसाची अडीचकी पन्नास, हे जुन्या शाळेतल्या पोरांच्या जिभेवर असायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांच्याच पाढ्यांची रांग पाठ करून घेत. ते पाढे बाजारहाटासाठी होते हे खरं. पण डी. फार्म.च्या मुलांनी ते पुन्हा पाठ करावेत असं मला मनापासून वाटतं. कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी तो तक्रार करत नाही. ज्याला पाढा येतो त्याला मात्र उत्तर साधारण केवढं यायला हवं याचा अंदाज आधीच असतो, आणि दहापट चूक त्याला लगेच खटकते. म्हणूनच अर्धा मिलिग्रॅम लिहिताना शून्य आधी हवं, ०.५ असं; नुसतं ‘.५’ लिहिलं आणि टिंब पुसट झालं तर वाचणाऱ्याला ५ दिसतात.

सरकारी आरोग्य कार्यक्रमांनी हा प्रश्न बऱ्याच शहाणपणाने सोडवला आहे. जीवनसत्त्व ‘अ’च्या द्रावणासोबत २ मिलीचा चमचा येतो आणि त्यावर १ मिलीची खूण असते. नऊ महिन्यांच्या बाळाला खुणेपर्यंत, एक लाख युनिट. पुढच्या मात्रांना पूर्ण चमचा, दोन लाख. इथे अर्धा कशाचा हे चमचाच सांगतो. जुलाबात झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला तिची अर्धी, आईच्या दुधात विरघळवून, १४ दिवस. म्हणजे सात गोळ्या.

सगळ्याच गोळ्यांचे असे दोन भाग करता येत नाहीत. मधोमध रेघ असलेली गोळी बहुधा अर्धी करण्यासाठीच बनवलेली असते. पण ‘एसआर’ लिहिलेली, म्हणजे औषध दिवसभर हळूहळू सोडणारी गोळी मोडली तर त्यातलं औषध एकदम बाहेर पडू शकतं. आम्लात विरघळू नये म्हणून आवरण दिलेली गोळी मोडली की ते आवरणच निकामी होतं. अशा गोळीसाठी चिठ्ठीवर ‘१/२’ दिसलं, तर फार्मासिस्टने ती तोडून देण्याआधी डॉक्टरला फोन करून कमी ताकदीची गोळी चालेल का ते विचारायला हवं. आणि पातळ औषधासाठी पाकिटावर ‘अर्धा चमचा’ न लिहिता ‘२.५ मिली’ लिहावं, सोबतच्या मापाच्या टोपणावर त्या रेषेशी पेनाने ठळक खूण करून द्यावी; घरात आमटीचे आणि साखरेचे चमचे वेगवेगळ्या मापांचे असतात.