नाण्याचे दोन भाव

नाण्याला दोन बाजू असतात, हे लहान मूलही जाणते. परंतु नाण्याला दोन भाव असतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. एक भाव नाण्यावर छापलेला असतो. त्याला दर्शनी मूल्य म्हणतात. दुसरा भाव कोठेही लिहिलेला नसतो. तो ज्या धातूचे नाणे घडविले त्या धातूचा असतो. हे दोन भाव एकमेकांशी सलोख्याने राहतात तोवर बाजार सुरळीत चालतो. त्यांच्यात बेबनाव झाला, की पैसे खिशातून नाहीसे होऊ लागतात. ते कसे, हे आपण आता पाहू.

आपल्या भाषेत सुट्या पैशांना ‘मोड’ असा सुटसुटीत शब्द आहे. निरुपयोगी भांडे धातूच्या वजनावर विकणे, याला आपण ‘मोडीत घालणे’ म्हणतो. मोड आणि मोडीत हे शब्द ऐकावयास किती जवळचे! परंतु मोड मोडीत गेली, तर साऱ्या गावाचा व्यवहार अडतो. खालापूर तालुक्यात खोपोलीच्या आसपास पोलादाचे कारखाने आहेत, आणि गावोगावी फिरणारा भंगारवालाही तुम्ही पाहिला असेल. तो लोखंड, तांबे, पितळ किलोवर घेतो. मग तांब्याचे नाणेही किलोवर का विकू नये, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाच्या मनात आला, तर त्यात नवल नाही. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

आपल्याच जिल्ह्यातील रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी स्वराज्यात चालू झाली. त्या काळी नाण्याचे मोल मुख्यतः त्यातील धातूवरच ठरे. पुढे नाना ठिकाणची, कमीअधिक कसाची नाणी बाजारात एकत्र आली. तेव्हा सराफ नाणे पारखून घेई आणि झिजलेल्या किंवा हिणकस नाण्यावर काही रक्कम कापून घेई. या कपातीस ‘बट्टा’ म्हणत. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला.

इंग्रजी अमदानीतील चांदीचा रुपया वजनाने १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम असे. त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. तोळा हे वजन म्हणजे या रुपयाचेच वजन होय. ऐंशी तोळ्यांचा एक शेर होई; म्हणून वजन हाताशी नसले, तर तराजूच्या पारड्यात ऐंशी रुपये टाकून शेराचा अंदाज घेता येई. अशा नाण्यावर लोकांचा विश्वास बसला, तर आश्चर्य ते काय? भोर घाटाच्या पायथ्याच्या या मुलखात १८५६ साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली ती घाट चढून गेली. तरीही वाडीवस्तीवरील कष्टकऱ्याच्या दाराशी बँक आली नव्हती. चार बंदे रुपये मडक्यात घालून पुरणे किंवा त्यांना कडी लावून गळ्यात माळ घालणे, हीच गरिबाची बँक होती. पीक बुडाले, घरात आजार आला, की त्या माळेतील एक रुपया कामी येई. ही बचत शहाणपणाचीच होती.

परंतु धातूचा भाव कधी स्थिर नसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदी महागली आणि १९१७ साली रुपयातील चांदीचे मोल रुपयाच्या दर्शनी मूल्याहून अधिक होऊ लागले. रुपया वितळवून विकणारास नफा दिसू लागला. सरकारने वितळविण्यास बंदी केली, एक रुपयाची कागदी नोट काढली, अमेरिकेकडून चांदी विकत आणली आणि दोन, चार व आठ आण्यांची नाणी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची पाडली.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रसंग पुन्हा ओढवला. भीतीने लोक चांदीचे रुपये दडवू लागले. १९४० साली गरजेबाहेर नाणी साठविणे हा गुन्हा ठरला, एक रुपयाची नोट पुन्हा निघाली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ च्या रुपयात तर चांदी मुळीच नव्हती. तो निकेलचा होता. लहान नाण्यांचीही हीच गत झाली. पूर्वीचा कांस्याचा पैसा सुमारे ४.९ ग्रॅम वजनाचा होता. १९४३ साली मध्ये मोठे भोक असलेला पैसा निघाला, तो अवघा दोन ग्रॅमचा. राजस्थान व काठेवाडातील काही संस्थानांनी तर मोडीच्या टंचाईमुळे पैशांऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे चालविले!

या टंचाईचा जाच कोणाला होतो, याचा विचार करा. सावकाराला होत नाही. त्याचे व्यवहार मोठ्या रकमांचे असतात. पहाटे लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी बाई दोन आण्यांची मोळी विकावयास बसली आहे आणि गिऱ्हाइकापाशी रुपयाची नोट आहे, अशी कल्पना करा. मोड नाही, म्हणून तिने मोळी परत न्यावी, उधारीवर द्यावी, की पडेल भावाने टाकावी? नाणी दडविणारास दोन पैशांचा लाभ होतो. पण त्याची किंमत असे दुबळे लोक मोजतात.

असे का घडते, याचाही एक नियम आहे. एकाच किमतीची दोन नाणी चालू असली आणि त्यांपैकी एकात धातू अधिक मोलाचा असला, तर माणूस हलके नाणे खर्च करतो व भारी नाणे घरात ठेवतो. परिणामी बाजारात हलकेच नाणे फिरत राहते. सोळाव्या शतकातील टॉमस ग्रेशॅम या इंग्रज व्यापाऱ्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

स्वतंत्र भारतातही हा नियम चुकला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पहिला नया पैसा कांस्याचा होता. पुढे १९६५ पासून एक पैसा ॲल्युमिनियमचा झाला. लहान नाणी वितळविण्यासाठी साठविली जाऊ नयेत, म्हणून १९७१ साली खास कायदा करावा लागला. पुढे १९९२ पासून पाच रुपयांचे ९ ग्रॅमचे जाड नाणे चालू झाले. त्यात तीन भाग तांबे व एक भाग निकेल, म्हणजे ६.७५ ग्रॅम तांबे आणि २.२५ ग्रॅम निकेल असे. समजा, तांबे ३०० रुपये किलो व निकेल १,५०० रुपये किलो झाले, तर तांब्याचे सुमारे २ रुपये आणि निकेलचे सुमारे ३ रुपये ३७ पैसे होतात. बेरीज पाच रुपयांच्या वर गेली! २००७ साली जगात निकेलचा भाव असाच भडकला होता. त्याच वर्षापासून ६ ग्रॅमची पोलादी पाच रुपयांची नाणी निघू लागली.

२०११ साली निघालेला रुपया ३.७९ ग्रॅमचा, गंज न चढणाऱ्या पोलादाचा होता. त्या पोलादाचा भाव किलोस १०० रुपये धरला, तरी त्यात ३८ पैशांचाच धातू असतो. तो मोडीत घालणे म्हणजे रुपया देऊन ३८ पैसे घेणे होय. शिवाय २०११ च्या नाणे कायद्यान्वये नाणे वितळविणे अथवा नष्ट करणे हा अपराध असून, त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग जुनी नाणी ठेवूच नयेत काय? आजीच्या पेटीतील चांदीचा रुपया अवश्य जपावा. चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली, तर त्यातील चांदीचेच मोल हजार रुपयांच्या वर जाते. आणि त्यामागील कष्टांची आठवण तर अमोल आहे. तो रुपया आता बाजारात फिरत नाही. त्यामुळे तो जपल्याने कोणाचा व्यवहार अडत नाही. ३० जून २०११ पासून चलनातून गेलेली २५ पैशांची व त्याहून लहान नाणीही संग्रहास चांगली. पण आजची चालू नाणी वर्षानुवर्षे डब्यात कोंडून ठेवू नयेत. खाऊच्या पैशांतून गल्ला भरावा, तो भरला की फोडावा आणि रक्कम टपाल कचेरीत किंवा बँकेत आपल्या नावे जमा करावी. त्यामुळे बचत वाढते आणि मोड पुन्हा बाजारात जाते.

विहिरीचे पाणी उपसले तरच ते ताजे राहते. नाण्याचेही तसेच आहे. डब्यात पडलेला रुपया म्हणजे नुसते पोलाद. तोच रुपया दुकानदाराच्या, भाजीवालीच्या, एस. टी. च्या वाहकाच्या हातातून फिरू लागला, म्हणजे दिवसभरात दहा जणांची कामे करतो.