वेळासला जाताय? आधी फोन करा!

मार्च उजाडला की आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो, "अरे, तू वेळासला जाऊन आलास ना? कसं जायचं रे?" तीन वर्षांत चार वेळा जाऊन आल्यामुळे हल्ली हा प्रश्न थेट माझ्याच दारावर टकटक करतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं, एकदाच लिहून टाकू.

पहिली गोष्ट म्हणजे 'कासव महोत्सव' या नावाने फसू नका. आमच्या रूममधला एक महाभाग आकाशपाळणा कुठे आहे म्हणून विचारत होता! इथे पाळणे नाहीत, खेळण्यांची दुकानं नाहीत, लाऊडस्पीकर तर नाहीच नाही. एक शांत गाव, एक लांबलचक किनारा आणि वाळूतून समुद्राकडे निघालेली, तळहाताच्या निम्मीसुद्धा नसलेली कासवाची पिल्लं, एवढाच हा महोत्सव.

वेळास आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे, पण पार उत्तरेच्या टोकाला, मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना इथे कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर घरटं सापडलं की अंडी उचलून न्यायची, हीच रीत होती. काही उरलीच तर कोल्ही-कुत्री होतीच. संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरून अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून महोत्सव सुरू झाला. बाहेरची माणसं येतील, गावातल्या घरांत उतरतील, चार पैसे गावात राहतील, मग अंडी राखण्यात गावाचाही फायदा, असा सरळ हिशोब. पुढे वनखातं आणि गावकरी यांनी हे काम हातात घेतलं. २०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेलं यंत्र पाठीवर बसवून पहिली मादी सोडली तीही वेळासलाच. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

आता मुख्य मुद्दा. पिल्लं दिसणार का? याची गॅरंटी कोणीही देत नाही, आणि देत असेल तर विश्वास ठेवू नका. ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. पुन्हा बघायलासुद्धा येत नाही. कासवमित्र पहाटे तिच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आतल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात ठेवतात आणि वर तारखेची पाटी लावतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू गार असेल तर दिवस जास्त लागतात, तापलेली असेल तर कमी. (गंमत म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हेही वाळूचं तापमानच ठरवतं. गरम वाळूत माद्या जास्त. उन्हाळे असेच वाढत गेले तर काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.) दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी ठेवतात. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उचलून बघतात. पिल्लं असली तर सोडायची, नसली तर सगळ्यांनी सूर्यास्त बघून परत यायचं.

म्हणून निघण्याआधी फोन करा आणि "पिल्लं आहेत का?" असं न विचारता "पन्नास दिवस होत आलेली घरटी किती आहेत?" असं विचारा. चार-पाच असतील तर निघा. एखादंच असेल तर आठवडाभर थांबा. आणि एक रात्र मुक्काम कराच, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात. पहिल्या वेळी आम्ही 'एका दिवसात जाऊन येऊ' म्हणून बाइकवर पहाटे निघालो आणि साडेनऊला पोचलो. किनाऱ्यावर फक्त पिल्लांच्या पावलांच्या रांगोळ्या शिल्लक होत्या.

फोन करण्याचं दुसरं कारण सांगताना अजून लाज वाटते. सेकंड इयरला सबमिशन संपल्यावर ग्रुपवर बारा जणांनी 'येतो' म्हटलं. मी वेळासच्या काकूंना बारा जण सांगून टाकले. शनिवारी सकाळी पाच जण गळाले. कळवायचं कोणालाच सुचलं नाही. तिथे पोचलो तर पडवीत बारा ताटं मांडलेली, मोदकांचा वास सुटलेला. काकूंनी एवढंच विचारलं, "बाकीचे मागून येतायत का रे?" कोणी मान वर केली नाही. बोलता बोलता कळलं, आमच्यासाठी त्यांनी पुण्याच्या एका कुटुंबाला नाही म्हटलं होतं. सकाळी बाराजणांचे पैसे पुढे केले तर त्यांनी सातांचेच घेतले. "जेवलात तेवढ्यांचे द्या." ते हॉटेल नाही हो, घर आहे. मेसमध्ये पाच ताटं कमी झाली तर फरक पडत नाही, तिथे पडतो.

जायचं कसं? रत्नागिरीहून दोनशेच्या आसपास किलोमीटर. रेल्वेने किंवा एसटीने खेड, तिथून मंडणगड, आणि मंडणगडहून वेळासची एसटी. गाड्या मोजक्याच आहेत आणि वेळा बदलतात, त्यामुळे मंडणगड डेपोत चौकशी केल्याशिवाय वडापाव खायला बसू नका. पैसेही तिथेच काढून घ्या. यूपीआयला नेटवर्क लागतं आणि नेटवर्क तिथे लहरी आहे. मासे मिळतीलच असं धरून चालू नका, बहुतेक घरांत शाकाहारीच जेवण असतं. टॉवेल, टोपी, पाण्याची बाटली न्या. गावातून किनाऱ्यापर्यंत चालायचंय, तेव्हा फ्लोटर्स बरे.

किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते. तिच्या अलीकडेच राहायचं. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, रात्री टॉर्च घेऊन फिरायला जायचं नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात, आणि प्रकाश दिसला तर अंडी घालायला आलेली मादी तशीच परत फिरते. पिल्लांना उचलून पाण्यात का सोडत नाहीत, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. ती अंतर स्वतः चालून गेली पाहिजेत, म्हणून मुद्दाम थोडी लांब सोडतात. कधी एक लाट येते आणि अर्ध्या वाटेवरचं पिल्लू परत मागे आणून टाकते. तेव्हा दोरीमागे आमचे सगळे टवाळ दादालोकसुद्धा चिडीचूप असतात.

मधल्या दिवसात बाणकोटचा किल्ला बघा. वेळ असेल तर वेसवीहून फेरीबोटीने पलीकडे बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वरही होतं.

दोन दिवस मिळतच नसतील तर गुहागर जवळ आहे. तिथेही हॅचरी आहे. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये चक्क गुहागरला अंडी घालायला आली होती! तिथेही आधी चौकशी करूनच निघा.

वेळासच्या काकूंचा नंबर माझ्याकडे आहे. तो इथे छापत नाही. येणाऱ्यांची नावं कागदावर लिहून, अर्धे पैसे जमा करून या, मग देतो.