ओ न देणारा मॉडेम
(जुनी यंत्रं, जुनी दुखणी : भाग १२)

गेल्या आठवड्यात मॉडेमच्या किरकिरीबद्दल लिहिलं होतं. आज जो किरकिरतही नाही त्याच्याबद्दल. डबी टेबलावर आहे, वायरी जोडलेल्या आहेत, आणि संगणक सांगतो की मॉडेम प्रतिसाद देत नाही.

अशा वेळी हात आधी फोनच्या वायरीकडे जातो. लाइन गेली असेल, पावसाने खांबावर काही झालं असेल. पण मॉडेमला दोन तोंडं असतात. एक एक्सचेंजशी बोलतं, दुसरं संगणकाशी, आणि आजची तक्रार सगळी या दुसऱ्या तोंडाची आहे. फोनची वायर उपसून बाजूला ठेवली तरी धडका मॉडेम संगणकाला उत्तर देतोच. म्हणून ती खरोखरच काढून ठेवा. संशयितांपैकी एक तरी कमी होतो.

आता त्याला हाक मारायची. विंडोज ९८ किंवा एक्सपी असेल तर हायपरटर्मिनल उघडा, मॉडेम ज्या पोर्टावर आहे तो थेट निवडा, 'एटी' ही इंग्रजी अक्षरं टंकून एंटर दाबा. मॉडेम शुद्धीवर असेल तर 'ओके' म्हणतो. हाक आणि ओ, इतकंच. ही भाषा डेनिस हेस यांच्या कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमॉडेमबरोबर आणली. 'एटी' म्हणजे अटेन्शन, अहो, इकडे बघा! पण त्या दोन अक्षरांत याहून जास्त हुशारी आहे. 'ए' हे अक्षर तारेवरून निघतं तेव्हा आधी स्टार्ट बिटचा शून्य जातो आणि त्याला लागूनच एक येतो. तो एकटा शून्य किती वेळ टिकला हे मोजून मॉडेम समोरच्याच्या बोलण्याचा वेग ओळखतो. म्हणून दोन्ही अक्षरं मोठ्या लिपीत तरी हवीत किंवा दोन्ही छोट्या. सरमिसळ केली की बरेच मॉडेम ढिम्म राहतात.

ओ आली नाही, तर दिव्यांकडे बघा. बाहेरच्या मॉडेमचं हेच सुख; संगणकाच्या पोटात बसवलेल्या कार्डाला चेहराच नसतो. एमआर लागला म्हणजे अंगात वीज आहे. तो विझलेला असेल तर अडॅप्टर तपासा, आणि नुसते व्होल्ट वाचून थांबू नका. पुष्कळ मॉडेम एसी अडॅप्टरवर चालतात. नऊ व्होल्टचा दुसऱ्या कशाचा तरी डीसी अडॅप्टर घरात सापडतो, पिन बसते, आणि पुढे नुसता गोंधळ.

टीआर लागला म्हणजे संगणकाने पोर्ट उघडला. मग कळा दाबत एसडीकडे बघा. तो लुकलुकला तर तुमचं बोलणं डबीपर्यंत पोचतं आहे. लुकलुकला नाही, तर पोर्ट चुकीचा आहे किंवा केबल.

केबलच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. संगणकाकडे नऊ पिना, मॉडेमकडे पंचवीस. बाकीच्या तारा तक्ता बघून जोडल्या, आणि दोन नंबर व तीन नंबर मात्र 'या सारख्याच असणार' म्हणून दोनला दोन, तीनला तीन डाख दिला. नऊ पिनांच्या जोडणीत संगणक तीनवर बोलतो, पंचवीसच्या जोडणीत मॉडेम दोनवर ऐकतो. म्हणजे दोघंही एकाच तारेवर बडबडणार आणि दुसऱ्या तारेला दोघंही कान लावून बसणार. एक अख्खा रविवार त्यात गेला, आणि त्या रविवारात मी विंडोज एकदा नव्याने टाकलंसुद्धा! दोन संगणक एकमेकांना जोडायची नल मॉडेम केबल चुकून इथे लावली तरी असलाच घोळ होतो.

खात्री करायला कागदाची यू-पिन पुरते. मॉडेम काढून संगणकाच्या पोर्टातल्या दोन आणि तीन नंबरच्या पिना एकमेकींना टेकवा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काहीही टंका. अक्षरं पडद्यावर परत आली तर पोर्ट शाबूत. न आली तर पोर्टाचं बघा. कॉम एक आणि कॉम तीन हे पूर्वी एकच आयआरक्यू, चार नंबरचा, वाटून घ्यायचे. एकावर माउस असला की भांडण ठरलेलं.

राहिला सगळ्यात फसवा प्रकार. एसडी लुकलुकतो, उत्तराचा आरडी दिवा गप्प. ऐकू येतंय, पण ओ नाही. कोणत्या तरी प्रोग्रामने मागे 'क्यू-एक' ही आज्ञा देऊन मॉडेमला मौन धरायला लावलेलं असू शकतं, आणि ते मौन साठवूनही ठेवलेलं असू शकतं. मग बंद-चालू करूनही सुटत नाही. पडद्यावर काही दिसत नसलं तरी आंधळेपणाने 'एटी-ई-एक-क्यू-शून्य-व्ही-एक' सलग टंका, आकडे आकड्यांतच, मध्ये जागा न सोडता, आणि एंटर. यात ई टंकलेलं दाखवायला लावतो, क्यू मौन सोडवतो, व्ही उत्तर आकड्यांऐवजी शब्दांत द्यायला लावतो. माझ्याकडे आलेले दोन 'मेलेले' मॉडेम एवढ्याने उठून बसले.

हे सगळं माळ्यावरच्या डबीपुरतंच उपयोगाचं आहे असं मात्र नाही. सिमकार्ड घालून एसएमएस पाठवणारे जीएसएम मॉडेम आजही 'एटी'लाच ओ देतात.

ओके आलं? मग आता फोनची वायर परत जोडा. वळवाच्या विजेने मॉडेमचं एक्सचेंजकडचं तोंड जळलेलं असेल, तर तो ओके म्हणेल आणि पुढच्याच आज्ञेला 'नो डायलटोन' म्हणून हात वर करेल. त्याचं पुढच्या आठवड्यात बघू.